गोदरीची वाट

आमच्या गावात शांतता नांदावी म्हणून मोठ्या माणसांनी जे जे केलं ते बहुतेक सगळं मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलं, आणि त्यातल्या बहुतेकाचं मला आजही हसू येतं. गावाचं नाव लिहीत नाही. जानेफळला बाजार करायचा आणि आजारी पडलं की मेहकर गाठायचं, अशा गावांपैकी ते एक. नाव घातलं तर तिथली माणसं म्हणतील, आम्ही असे नव्हतो. नाही घातलं तर शेजारच्या गावाची म्हणतील, हे तर त्यांचंच. म्हणून न घातलेलं बरं.

आमचं घर गावाच्या उगवतीला, बौद्ध वस्तीत. दोन खोल्या, पुढे पत्र्याचं छप्पर. बाबा गावच्याच शाळेत शिक्षक होते. आवाज मऊ, अक्षर सुंदर आणि बदलीची भीती कायमची. मायचं नाव कौसल्या, गाव तिला कौसाबाई म्हणे. तिला अक्षरओळख बाबांनी लग्नानंतर करून दिली आणि पुढे जन्मभर पस्तावले असावेत, कारण ती वर्तमानपत्र वाचून त्यांनाच प्रश्न विचारायची. सकाळी भाकरी थापण्याचा थपथप आवाज, गिरणीच्या इंजिनाचा टुकटुक आवाज आणि मायचा आवाज, हे तिन्ही एकदम सुरू व्हायचे. त्यातली गिरणी सांजेला बंद पडे. जेवण साधं. ज्वारीची भाकर, तव्यावर रगडलेला ठेचा, कधी वांग्याची भाजी. पण कोणाकडे मोठं कार्य असलं की मायला रोडग्यांसाठी बोलावणं यायचं. जाडसर दळलेल्या गव्हाच्या पिठाचे घडी घालून केलेले गोळे, गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले. वरून खरपूस, आतून पदर सुटलेले. तिच्या हातचा रोडगा फोडला की वाफेबरोबर माणसंही गप्प व्हायची. हे बोलावणं अर्थात वस्तीतल्याच घरांतून यायचं. पेठेतल्या, म्हणजे देवळाकडच्या सवर्णांच्या, घरांना आमच्या हातचे रोडगे चालत नसत. शेतातलं निंदण मात्र चालायचं.

त्या वर्षी जयंतीच्या मिरवणुकीवरून दगड चालले. मिरवणूक पेठेतून न नेता गावामागच्या वाटेनं न्या, असं गावातल्या कारभाऱ्यांनी सांगितलं होतं. आमच्या तरण्या पोरांनी ऐकलं नाही. देवळासमोर बॅन्ड थांबला, थांबून वाजतच राहिला, आणि कुठून तरी पहिला दगड आला. तो कोणी मारला ह्यावर अजून एकमत नाही. प्रत्येक बाजूला दुसऱ्या बाजूचा पहिला दगड अगदी स्वच्छ दिसलेला आहे. वस्तीतल्या दोघांना टाके पडले. दुसऱ्या दिवसापासून आमच्या बायांना शेतावर बोलावणं बंद झालं आणि गिरणीवर आमचे डबे आपोआप शेवटी जाऊ लागले. सकाळी पहिला नंबर लावलेला डबा सांजेला दळून मिळायचा, तोही जाडाभरडा.

मग शांतता समिती झाली. अकरा पुरुष. चहा, पोहे, सतरंजी. त्यातल्या एकालाही पीठ मळता येत नव्हतं, पण त्यांनी ठरवलं काय, तर एकात्मता सहभोजन. साऱ्या गावानं देवळापुढच्या मैदानात एका पंगतीत रोडगे, वरण आणि वांग्याची भाजी खायची. तालुक्याहून पाहुणे येणार, फोटो निघणार आणि एका शाळकरी मुलीचं भाषण होणार. ती मुलगी मी. मी सातवीत होते. शाळेत माझं बोलणं पुस्तकातल्यासारखं शुद्ध होतं, आणि मी वस्तीतली होते. दोन्ही गुण एकत्र मिळणं समितीला दुर्मीळ वाटलं असावं.

भाषण पाठक गुरुजींनी लिहून दिलं. ते बाबांचे सहकारी. अकरा वर्षं एका शाळेत, एका टेबलाशी, पण एकमेकांच्या घरात कधी जेवले नव्हते. माणूस वाईट नव्हता. त्यांना चांगलं करायची हौस होती, फक्त चांगलं करताना आपली गैरसोय होऊ नये एवढीच अट होती. भाषणात विविधता होती, एकता होती, बागेतली रंगीबेरंगी फुलं होती, आणि शेवटी एक वाक्य होतं, "आपण आम्हांला आपल्या पंगतीत बसवून घेतलंत, ह्या मोठेपणाबद्दल आम्ही आपले सदैव कृतज्ञ राहू."

मी चुलीपाशी बसून ते पाठ म्हणत होते. मायनं भाकर उलटवता उलटवता मान वर केली.

"शेवटचं थे काय म्हनलं? परत म्हन."

मी परत म्हटलं.

"हे नको म्हनू."

"काऊन? गुरुजींनी लिहून देल्लं."

"कोनाची पंगत हाय थे? जमीन गावठानाची. गहू साऱ्याइच्या वर्गनीचा, त्यात तुह्या बापाचीबी वर्गनी हाय. मंग बसवून कोनं कोनाले घेतलं?"

मला तिचा राग आला. बाराव्या वर्षी सत्य आणि टाळ्या ह्यांतून निवड करायची वेळ आली की पोरगी टाळ्याच निवडते. पुढे मोठी झालेली कितीतरी माणसंही मी तेच निवडताना पाहिली, पण त्यांना मी माफ करत नाही. स्वतःलाही पुरतं केलेलं नाही.

सहभोजनाच्या दिवशी माय सकाळीच मैदानात गेली, मला घेऊन. मंडपामागे पेठेतल्या पाचसहा बाया मोठ्या परातींत कणीक मळत होत्या. मायनं हात धुतले, पदर खोचला आणि एका परातीपाशी बसली. परात हळूच, अगदी प्रेमानं, पलीकडे सरकली. सरकवणारी हसून म्हणाली, "अवं कौसाबाई, आज तुमी पाव्हने. तुमी काऊन काम करता? बसा तिकडं मंडपात."

"पाव्हनी?" माय म्हणाली. "माहा जलम ह्या गावातला हाय. तुमी सुलतानपूरहून सून म्हनून आल्या. पाव्हनी कोन?"

माय उठली. ओले हात पदराला न पुसता तसेच धरून ती मंडपाकडे चालत गेली, हे मला आठवतं.

पंगत बसली. आम्हांला पुढच्या रांगेत बसवलं होतं, कारण फोटोवाला पुढे उभा होता. पाहुण्यांनी शांततेचं प्रतीक म्हणून एक पांढरं कबुतर सोडलं. ते उडालं नाही, टेबलाखाली शिरलं. त्याला काठीनं हुसकावण्यात शांततेची पाच मिनिटं गेली. वाढणाऱ्यांचं सगळं नीट चाललं होतं, फक्त आमच्या रांगेशी आल्यावर त्यांची पळी पत्रावळीपासून वीतभर वर थांबायची आणि वरण वरून पडायचं. माझ्या नव्या परकरावर त्याचे शिंतोडे उडाले. तशाच परकरानं मी मंचावर गेले, भाषण केलं आणि शेवटचं वाक्य हात जोडून म्हटलं. कडाडून टाळ्या पडल्या. मी मायकडे पाहिलं. ती पत्रावळीकडे पाहत होती. तिनं काही खाल्लेलं नव्हतं.

टाळ्या थांबल्यावर ती उभी राहिली. माईक तिला कोणी दिला नाही, पण माईकची गरज तिला कधीच पडली नव्हती.

"आज आमी तुमच्या पंगतीत बसलो. पोरीनं आभारबी मानले. आता उद्याच्याले माह्या घरी रोडगे हाय. ह्या साऱ्या पंगतीले आवतन देऊन राह्यली मी. दुपारी या."

तालुक्याच्या पाहुण्यांनी तेवढ्या टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे.

घरी आल्यावर बाबा खाटेच्या कडेला बसून राहिले. "तुले समजते का तू काय केलं? माही बदली करतीन. मोताळ्याकडं फेकतीन मले."

"फेकू द्या. तिकडंबी गहूच पिकतो," माय म्हणाली आणि पीठ चाळायला बसली.

दुसऱ्या दिवशी तिनं एवढे रोडगे केले की अंगणात राखेचा ढीग झाला. वस्तीतली माणसं आली, जेवली, काही जण नुसते बघायला थांबले. पेठेतून कोणी आलं नाही. कसं येणार? एकाकडे सोयरीक होती, एकाची म्हैस व्यायली होती, आणि समितीच्या अध्यक्षांचं पोट बिघडलं होतं, बहुधा आदल्या दिवशीच्या एकात्मतेनं. पाठक गुरुजींचा निरोप आला की अचानक मेहकरला जावं लागत आहे. झाकून ठेवलेलं वरण मायनं तीनदा ऊन केलं.

दोनच्या सुमारास, भर उन्हात, पेठेच्या रस्त्यानं सुधाकाकू आल्या. सुधाकाकू म्हणजे पाठक गुरुजींची बायको. तीसेक वर्षांची, बारीक अंगाची, डोळे सतत कुठेतरी आधार शोधणारे. हातात लिंबाच्या लोणच्याची बरणी. दारात थांबून म्हणाल्या, "येऊ का?"

"या की. आवतनच होतं."

"मी एकटीच आले. हे मेहकरला गेले नाहीत, घरीच आहेत. खोटं कशाला सांगू?" त्या चटईवर बसल्या. "सासूबाईंना सांगून आले. चोरून यायचं तर यायचंच कशाला."

मायनं ताट वाढलं. काकू त्याच्याकडे बघत राहिल्या. मग हळू म्हणाल्या, "माझ्या घशाखाली उतरेल की नाही, खरंच माहीत नाही हो. लहानपणापासून मनात भरवलेलं आहे. तुमचा अपमान करायचा नाही मला."

मला वाटलं आता माय ताट उचलते. पण ती हसली, त्या दोन दिवसांत पहिल्यांदा. "उतरन. नाई उतरला तं पानी ठिवलं हाय बाजूले."

उतरला. पहिला घास त्यांनी डोळे मिटून गिळला, दुसऱ्याला डोळे उघडे होते. दीड रोडगा खाल्ला. मग हात धुता धुता त्यांनी तो प्रश्न विचारला.

"कौसाबाई, एक विचारू? राग येईल तुम्हांला."

"इचारा. खोट्या आभारापरीस बरं."

"रस्ता तो रस्ता. मागच्या वाटेनं गेली असती मिरवणूक, तर काय बिघडलं असतं? एवढी डोकी फुटायला नको होती ना?"

माय उभी राहून म्हणाली, "चाला."

"कुठं?"

"रस्ता पाहाले."

गावामागची वाट म्हणजे गोदरी. साऱ्या गावाची परसाकडे बसायची जागा. पाठकांच्या घरी परसात संडास होता. लग्न होऊन नऊ वर्षं झाली तरी सुधाकाकू ह्या बाजूला कधी आल्या नव्हत्या. नाल्याच्या कडेनं ती वाट जाते. दोन्ही बाजूंना बाभळी, मधे पाय ठेवायला जागा शोधावी लागे. डुकरं माणसांना बाजूला होत नसत, माणसांनीच त्यांना वाट द्यायची. काकूंनी पदर नाकाला घट्ट लावला होता. अर्ध्या वाटेवर त्या थांबल्या.

"इथून?"

"हाव, इथून. बॅन्ड लावून. नवे लुगडे नेसून. ज्यानं आमाले मानसात आनलं त्याचा फोटो डोक्यावर घिऊन, इथून."

काकूंनी नाकावरचा पदर काढला. का काढला ते मला तेव्हा कळलं नाही. तशाच, उघड्या तोंडानं, त्या वाटेच्या शेवटापर्यंत चालत गेल्या. तिथं हातपंपावर पाय धुतले आणि म्हणाल्या, "आता तुम्ही माझ्याबरोबर चला."

पाठकांचं घर पेठेत, देवळाच्या थोडं पलीकडे. ओसरीवर काकूंचे सासरे बसले होते. म्हाताऱ्याच्या कपाळापासून डोळ्यापर्यंत पांढरी पट्टी. "त्या दिवसाचा दगड," काकू म्हणाल्या. "भांडायला नव्हते हो बसले. बॅन्ड ऐकू आला म्हणून मिरवणूक बघायला बसले होते. वाचायचा डोळा तोच होता. आता पोथी मी वाचून दाखवते."

तीन आठवडे वस्तीत आम्ही एकमेकांना सांगत होतो की मार फक्त आम्ही खाल्ला, त्यांच्या बाजूला कोणाला ओरखडाही नाही. मीही शाळेत छाती काढून सांगितलं होतं. माय त्या पट्टीकडे बघत उभी राहिली. तिला बोलायला वेळ लागला, आणि मायला बोलायला वेळ लागणं ही आमच्या घरात मोठी घटना होती.

"आमच्यातल्याच कोन्या पोराचा असन," ती म्हणाली. "मले मालूम नोतं. खरंच मालूम नोतं."

म्हाताऱ्यानं एका डोळ्यानं पाहिलं. "कोण ती?"

"कौसा. वस्तीतल्या गुरुजीची बायको."

"बस," तो म्हणाला.

आतून सासूबाईंचा आवाज आला, "ओसरीवरच बसव तिला. आत नको."

"बसत नाई आजी," माय म्हणाली. "पाहाले आली होती. पाह्यलं."

ह्यानंतर सगळं गोड झालं असं कोणी समजू नये. सुधाकाकूंच्या सासूनं त्यांना महिनाभर स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही. वेगळं ताट, वेगळा तांब्या. आमच्या रोडग्यानं त्यांना आमच्याच पंगतीला बसवलं म्हणायचं. वस्तीतही मायला बोल लावणारे कमी नव्हते. त्यांच्या म्हाताऱ्याला पाहायला गेली, आपल्या पोरांचे टाके विसरली, असं तोंडावर म्हटलं गेलं. पण त्या दोघी भेटत राहिल्या, कधी हातपंपावर, कधी आमच्या छपराखाली, आणि भेटल्या की भांडायच्या. तुम्ही घरातले देव का टाकले हो? तुम्ही आमाले देवळात काऊन घेतलं नाई? देवळासमोरच बॅन्ड जास्त का वाजवता? दुसरीकडं वाजवला तं तुमाले आयकू येते का? मी भिंतीला टेकून ऐकायची. आज माझ्या मोबाइलवर रोज सकाळी सलोख्याचे संदेश येतात, हातात हात घेतलेले, कमळांवर दवबिंदू असलेले. पाठवणाऱ्यांतल्या एकानंही मला आजवर एक अवघड प्रश्न विचारलेला नाही. ज्यांना समोरच्याचं काहीच जाणून घ्यायचं नसतं, त्यांना त्याच्याबद्दल आदर बाळगणं फार सोपं जातं.

वर्षभराच्या त्या भांडणांतून दोघींनी एक गोष्ट ठरवली. मिरवणूक पेठेतूनच जाईल. देवळापासून पाठकांच्या ओसरीपर्यंत बॅन्ड बंद राहील, कारण तिथं एक म्हातारा आहे. वस्तीतल्या बाया मिरवणुकीच्या दोन्ही कडांनी चालतील आणि निघण्याआधी पोरांचे खिसे माय स्वतः तपासेल. पेठेतल्या बाया दारात पाण्याचे माठ ठेवतील. काकूंनी पाच घरं तयार केली, त्यात परात सरकवणारी ती सुलतानपूरची सूनही होती. ही योजना पाठक गुरुजींनी समितीपुढे आपली म्हणून मांडली आणि समितीनं ती आपली म्हणून मंजूर केली. पुढे देवळापाशी एक पाटी लागली, तीत अकराही नावं आहेत.

पुढच्या जयंतीला मिरवणूक निघाली तेव्हा उन्हानं रस्ता तापला होता. देवळाशी आल्यावर बॅन्ड थांबला, नुसते पाय वाजू लागले. मी मायच्या बाजूला होते. दोन्ही बाजूंच्या ओसऱ्यांवर माणसं उभी. पाठकांच्या घरापाशी सुधाकाकू माठाजवळ होत्या. मिरवणूक समोर आली, आणि त्यांनी काय मनात आणलं कोण जाणे, हातातला तांब्या खाली ठेवून त्या ओसरीच्या पायऱ्या उतरल्या, अनवाणी, आणि सरळ मायच्या बाजूला येऊन चालू लागल्या. हे काही ठरलेलं नव्हतं.

चार पावलं झाली असतील. एवढ्यात पाठकांच्या ओसरीवरून एक चप्पल आली. हवेतून आली आणि मिरवणुकीच्या मधोमध पडली.

मिरवणुकीवर चप्पल. माझ्या पुढच्या पोरांच्या माना एकदम फिरल्या. एकानं खाली वाकून रस्त्याकडे हात नेला. पलीकडच्या ओसरीवर कोणीतरी दार लावून घेतल्याचा आवाज आला. मायनं माझा दंड इतका घट्ट धरला की पुढे दोन दिवस तिच्या बोटांचे वळ राहिले. ओसरीवर सासूबाई उभ्या होत्या, दुसरी चप्पल हातात घेऊन, संतापानं लाल झालेल्या.

"घाल ती पायात!" त्या ओरडल्या. "अनवाणी निघालीस ती! पाय भाजून आलीस तर मी तेल लावणार नाहीये, सांगून ठेवते!"

आधी सुधाकाकू हसल्या. मग वाकलेलं पोरगं सरळ झालं आणि हात झटकून तेही हसलं. मायनं माझा दंड सोडला, रस्त्यात पालथी पडलेली चप्पल उचलली, सरळ केली आणि काकूंच्या पायापुढे ठेवली. मग ती ओसरीकडे वळली.

"दुसरीबी द्या आजी. एका पायानं किती चालन थे?"

म्हातारी भिंतीला धरून एक पायरी उतरली, आणि ती चप्पल तिनं मायच्या हातात दिली.